टाकीला उपास चालत नाही

नोकरीत असताना सांगली-साताऱ्याकडचे लोक मला 'गॅसवाले' म्हणून ओळखायचे. एस.टी. स्टँडवर, लग्नात, मयताला, कुठेही भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, "साहेब, आमची टाकी कवा येणार?" मी सिलिंडरवाला नव्हे, उष्ट्या-खरकट्यापासून गॅस करणाऱ्या टाक्यांचा माणूस आहे, हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा उतरायचा. एकदा एक म्हातारा मला म्हणाला, "मंजे तुमी कामाचं न्हाईसा."

आमची कंपनी सांगलीच्या औद्योगिक वसाहतीत होती. हॉटेल, वसतिगृह, कारखान्याची कँटीन, जिथे म्हणून पंगती उठतात तिथे आम्ही टाकी बसवायचो. ओला कचरा दळायचा, पाण्यात कालवायचा आणि टाकीच्या तोंडात ओतायचा. आत हवा नाही, उजेड नाही. डोळ्यांना न दिसणारे जीव तो कचरा खातात आणि गॅस सोडतात. गॅस वरच्या रबरी फुग्यात साठतो आणि नळीने स्वयंपाकघरात जातो, मागून पातळ खत बाहेर पडतं. कागदावर याच्याइतका स्वच्छ धंदा दुसरा नाही. कचरा गेला, गॅस आला, खत मिळालं, पृथ्वीही वाचली. आमच्या माहितीपत्रकावर एक हिरवं पान आणि हसणारी मुलगी होती.

पण कंपनीत विकायला जाणारी माणसं वेगळी आणि निस्तरायला जाणारी वेगळी. मी निस्तरणाऱ्यांतला. त्यामुळे हसणारी मुलगी माझ्या वाट्याला कधी आली नाही.

बाहेरच्यांना मी एकच गोष्ट सांगायचो, की ही टाकी यंत्र नाही, पोट आहे. यंत्राला महिनाभर बंद ठेवून परत बटण दाबता येतं. पोटाला रोज लागतं, बेताचं लागतं आणि साधारण एकसारखं लागतं. जास्त घातलं तर आंबतं, काहीच नाही घातलं तर आतले जीव मरतात. गिऱ्हाइकाला हे पटायचं, तो मान हलवायचा आणि पुन्हा टाकीला यंत्रासारखंच वागवायचा.

पाटणच्या वरच्या अंगाला एका हॉटेलवाल्याकडे आमची टाकी होती. पावसाळा सरला, की कोयनेकडे फिरायला जाणाऱ्यांची रीघ लागते, म्हणजे गॅस हवा नेमका थंडीत. आणि थंडीत आतले जीव गारठून बसतात. एका पौषात त्याचा फोन आला म्हणून गेलो, तर त्याने टाकीला चार वाकळा गुंडाळून वर काथ्या बांधला होता. "बाळंतिणीगत ठेवलीया बघा," म्हणाला. थोडा गॅस वाढलाही. पण गिऱ्हाईक वाढतं तेव्हा गॅस घटतो, ही गोष्ट वाकळांनी बदलणार नव्हती. त्याने मागच्या खोलीत सिलिंडर ठेवले आणि दर्शनी भागात टाकी. फोटो काढायला लोक टाकीकडेच जायचे.

मिरजेत एका दवाखान्याच्या उपाहारगृहात तर टाकी एका दिवसात मेली. सफाईचा नवा ठेकेदार आला होता, कामाला चोख. त्याने टाकीच्या तोंडाला वास येतो म्हणून बादलीभर फिनेल आत ओतून स्वच्छ धुऊन काढलं. आतला एक जीव शिल्लक राहिला नाही. मी कपाळाला हात लावला, तर तो अभिमानाने म्हणाला, "आता वास आला तर सांगा!" खरंच आला नाही. गॅसही आला नाही.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण दिवाळी अंकात लिहायचं म्हटल्यावर मला आठवतं ते हौसाक्कांचं मंगल कार्यालय.

कृष्णेकाठच्या एका तालुक्याच्या गावाबाहेर हे कार्यालय आहे. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून तिथेच राहतात. हौसाक्कांचे यजमान फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हा रस्त्याकडेच्या उसाच्या रानात त्यांनी हे कार्यालय बांधलं. नावाला मालक सुभेदार, पण तारखा देण्यापासून आचाऱ्याला दम भरण्यापर्यंत कारभार सगळा आक्कांचा. बुटकी, ठसठशीत बाई. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. बोलणं असं, की ऐकणारा आधी घाबरावा आणि मग हसावा.

कार्यालय बांधलं तेव्हा आजूबाजूला ऊसच होता. मग ऊस गेला आणि कॉलनी आली. कॉलनीतल्या लोकांना वाजंत्रीचा त्रास व्हायला लागला, मग गाड्यांचा, मग मागच्या ओढ्यात पडणाऱ्या खरकट्याच्या वासाचा. त्यांची वासाची तक्रार खोटी नव्हती. मी स्वतः नाकाला रुमाल लावून तो ओढा पाहिला आहे. अर्ज झाले आणि नगरपालिकेने आक्कांना कळवलं, की ओल्या कचऱ्याची जागेवरच विल्हेवाट लावणारा चालू प्रकल्प दाखवा. दरवर्षी दसऱ्यानंतर तपासणी होईल. प्रकल्प चालू दिसला तर पुढच्या हंगामाची परवानगी, नाही तर कार्यालयाला कुलूप. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा तर लोक वर्ष-वर्ष आधी धरून ठेवतात. परवानगी गेली म्हणजे आक्कांनी शब्द दिलेली सगळी लग्नं उघड्यावर आली. "दुसऱ्याच्या पोरीच्या लग्नात इघ्न आलं तर मला गावात त्वांड दावायला जागा न्हाई," असं त्या मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या.

आमचा विक्रीवाला तिथे मांडीवर संगणक घेऊन बसला. आक्कांनी त्याला खरं ते सांगितलं, वर्षात लग्नं किती, पंगती किती, उरतं किती. त्याने सगळं मिळवलं, वर्षाच्या दिवसांनी भागलं आणि रोजच्या ओल्या कचऱ्याचा आकडा काढला. त्या आकड्याला शोभेल अशी टाकी बसली. हिशेबात चूक कुठेच नव्हती. फक्त मंगल कार्यालय रोज जेवत नाही, मुहूर्ताला जेवतं, एवढंच त्यात नव्हतं. वैशाखात लागोपाठ तीन-तीन दिवस हजाराच्या पंगती आणि मग आठ दिवस शुकशुकाट. आषाढी एकादशी झाली की चातुर्मास, कार्तिकीपर्यंत लग्न नाही. पंचांग संगणकात नव्हतं.

टाकी बसवायला मी गेलो, तेव्हा बिरू भेटला. हा आटपाडीकडचा धनगर. वडलांची मेंढरं होती, पण पाऊस हुलकावण्या देतो म्हणून याने म्हशी घेऊन इकडे नदीकाठ धरला होता. कार्यालयामागेच त्याचा गोठा. भाजीची देठं, साली, उरलेल्या चपात्या तो म्हशींना न्यायचा. टाकी आल्यावर सुभेदारांनी त्याला सांगितलं, "बिरू, आता इथनं काय बाहेर जायाचं न्हाई. ऑर्डर हाय." बिरूने पाटी उचलली आणि म्हणाला, "जाऊ द्या की. म्हसरं काय लग्नाचंच जेवून वाढली न्हाईत." पण तो दुखावला होता, पुढे महिना-दीड महिना त्याने आक्कांकडे दूध घातलं नाही.

टाकी कशी चालते ते मी आक्कांना समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंजे रोज खायला लागतंय, उपाशी ठेवायचं न्हाई, जादा घालायचं न्हाई. आवं साहेब, मग हे जनावरच झालं की!" इतक्या वर्षांत इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. मी व्हय म्हणालो.

सुभेदारांचा जीव मात्र त्या टाकीवर जडला. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते फुगा किती फुगला ते बघायचे आणि मला फोनवर सांगायचे, "सर, सब ठीक. फुगा फुल्ल." त्यांनीच एक मोठा फलक रंगवून हात धुवायच्या जागेवर लावला. 'येथे उरलेल्या अन्नापासून गॅस तयार होतो. आम्ही पर्यावरणाचे रक्षक.' खाली दोन हिरवी पानं. आमच्या कंपनीने त्या फलकापाशी सुभेदारांना उभं करून फोटो काढला आणि पुढच्या माहितीपत्रकात हसणाऱ्या मुलीच्या शेजारी छापला.

त्या फलकाने घोटाळा केला.

आपल्याकडे लग्नाचं आमंत्रण चूलबंद असतं. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. घरात माणसं किती, त्यातली येणार किती, हे बोलावणाऱ्याने विचारायचं नसतं आणि येणाऱ्याने सांगायचं नसतं. कमी पडलं तर सात पिढ्यांची नाचक्की. म्हणून यजमान नेहमीच जास्त रांधतो, आणि उरलं की त्याला आतून थोडं लागतंही. अन्न टाकताना माणसाचा हात जरा तरी अडखळतो. फलक लागल्यावर तो अडखळायचा थांबला. पहिल्याच हंगामात एका वरबापाला आचारी म्हणाला, की भात जरा बेतानं टाकू. तर तो म्हणाला, "टाक रं बिनधास्त. उरलं तर गॅसच हुतोय न्हवं!" पंगतीत पोरं जिलेबीचा ढीग पानात घेऊन अर्धा टाकायची आणि आयाही रागवायच्या नाहीत. वाया काहीच जात नव्हतं ना. मी माघात टाकीच्या तोंडाशी पाहिलं होतं त्यापेक्षा वैशाखात कितीतरी जास्त खरकटं तिथे पडायला लागलं. पंगती तेवढ्याच, माणसं तेवढीच.

टाकी आंबली. लागोपाठच्या तीन मुहूर्तांचं बासुंदी-भात-मठ्ठा तिच्या पोटात गेलं आणि ती फसफसून मागून घाण टाकायला लागली. वास पुन्हा कॉलनीत. मी चुना आणि खायचा सोडा घेऊन पोचलो.

"पित्त झालंय व्हय?" आक्कांनी विचारलं.

"तसंच समजा. आठ दिवस काही घालू नका."

"आन् परवाच्या लग्नाचं उरलेलं माझ्या डोस्क्यावर घालू?"

ते उरलेलं टेम्पोत भरून मुकाट्याने दुसरीकडे गेलं. कुठे, ते मी विचारलं नाही. आचाऱ्याचं वेगळंच रडगाणं. आंबलेल्या टाकीचा गॅस मंद, त्याच्या कढईला आच लागेना. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ह्या जाळावर च्या हुतोय. जिलेबी न्हाई हुत." तेव्हा जिलेबी सिलिंडरवर आणि चहा टाकीवर अशी वाटणी झाली. ती शेवटपर्यंत राहिली.

मग चातुर्मास आला आणि त्या वर्षी अधिक श्रावण. म्हणजे चातुर्मास चांगला पाच महिन्यांचा. आधी ओकणारी टाकी आता उपाशी पडली. श्रावणात दोन-चार सत्यनारायण, एखादं बारसं. एवढ्याने काय होणार? फुगा सुकत सुकत टाकीवर फडक्यासारखा पडला. सुभेदार अस्वस्थ झाले. दसऱ्यानंतर तपासणी होती. मी म्हटलं, हिला शेण घाला, शेणावर ही तग धरेल.

शेण बिरूकडे होतं. आक्का स्वतः गोठ्यावर गेल्या, मी बरोबर होतो. बिरू धार काढत होता, उठला नाही.

"बिरू, शेण लागतंय बाबा. रोज दोन पाट्या."

"शेण द्राक्षवाल्यांनी धरलंय, आक्का. छाटणी आली."

"आरं, दोन पाट्यांनी त्यांचा मळा बुडतोय व्हय?"

"आन् चार चपात्यांनी तुमची टाकी बुडत हुती व्हय?"

आक्का मोठ्यांदा हसल्या. "बोललास ते बरं झालं. वरीस हुत आलं तरी पोटात ठिवलंवतं म्हण की." त्या हसल्यावर तोही हसला. देठं, साली आणि चपात्या पुन्हा बिरूच्या, त्याबदल्यात रोज दोन पाट्या शेण टाकीला, असं ठरलं. कालवाकालवीचं काम सुभेदारांनी घेतलं. तपासणीच्या दिवशी ज्योत निळीशार पेटली. तपासायला आलेले साहेब खूश झाले आणि परवानगीचा शिक्का पडला.

कंपनीच्या अहवालात मी 'प्रकल्प समाधानकारक' असं लिहिलं. लिहिताना मला हसू येत होतं. अन्नापासून ऊर्जा म्हणून जी टाकी आम्ही विकली होती, ती शेणावर चालत होती. तशी शेणाची टाकी माझ्या आजोळी मी चड्डीत असल्यापासून होती आणि तिचा फोटो कुणी कुठल्या पत्रकात छापला नव्हता.

दुसऱ्या हंगामाच्या आधी आक्कांनी सुभेदारांचा फलक काढायला लावला. सुभेदार रुसले. मग पहिल्या लग्नाला आक्का स्वतः इरकली लुगडं नेसून, नथ घालून ताटं खरवडायच्या पिंपापाशी येऊन उभ्या राहिल्या. जेवून उठलेला माणूस ताट घेऊन आला की त्या ताटात बघायच्या आणि मऊ आवाजात विचारायच्या, "पाव्हणं, जेवान आवडलं न्हाई व्हय? काय कमी पडलं?" माणूस ओशाळायचा. "न्हाई न्हाई, लय चांगलं हुतं." "मग भात का ऱ्हायला?" पहिल्या पंगतीतली काही माणसं ताट घेऊन परत जाऊन बसली आणि संपवून आली. ही बातमी मंडपात पसरायला वेळ लागत नाही. दुसऱ्या पंगतीत वाढप्यांना लोक हात आडवा करायला लागले.

एका लग्नात नवऱ्या मुलाचा मामा भडकला. "आमच्या पाव्हण्यांच्या ताटात बघायला तुमी कोण?"

"ज्या घरात जेवलासा, त्या घरची बाई," आक्का म्हणाल्या.

"कार्यालय भाड्यानं घेतलंय आमी!"

"कार्यालय भाड्यानं दिलंय, दादा. आन्न न्हाई दिलं."

त्या मामाची समजूत काही पटली नाही. काही लोक पुढच्या वेळी दुसरीकडे गेले. पण बऱ्याच जणांना ते आवडलंही, आणि आचाऱ्याने पहिल्यांदाच भाताचं आधण कमी केलं. खरकटं निम्म्याहून कमी झालं. जे उरायचं ते टाकीला सोसवायचं, देठं बिरूला. कॉलनीतल्या बायका लग्नाला बोलावलं नसताना आक्कांशी कुंपणावरून बोलायला लागल्या. मला विचाराल, तर माझ्या सगळ्या नोकरीत खरकट्यावरचा इतका चालणारा इलाज मी पाहिला नाही, आणि त्यात आमच्या कंपनीचा एक नटबोल्टही नव्हता.

उन्हाळ्यात बिरू गेला. उपसा सिंचन योजनेचं पाणी त्याच्या गावाच्या माळापर्यंत पोचलं होतं. थोरल्या भावाने निरोप धाडला, की ये, आता शेत पिकतंय. जन्मभर पाण्यासाठी फिरलेला माणूस, तो थांबेल कशाला? जाताना म्हशी टेम्पोत चढवून तो आक्कांच्या पाया पडला. आक्कांनी त्याच्या बायकोची ओटी भरली. सगळ्यांना आनंद झाला आणि तो खरा होता. मलाही झाला. टाकीचा विचार त्या दिवशी कुणाच्या मनात आला नाही.

तो विचार आला गणपती झाल्यावर. ते माझं नोकरीचं शेवटचं वर्ष. सुभेदारांचा फोन आला, "सर, फुगा डाऊन." गेलो तर टाकी उपाशी. चातुर्मासात लग्न नाही, आणि उन्हाळ्यातल्या लग्नांनी मागे काही शिल्लक ठेवलं नव्हतं. शेण शोधलं, तर छाटणीच्या तोंडावर आसपासचं सगळं शेण द्राक्षबागांत गेलेलं. मी म्हटलं, मंडईतून सडकी भाजी आणू. पण पालिकेच्या पत्रात स्पष्ट होतं, बाहेरचा कचरा आवारात आणायचा नाही, आणि सडक्या भाजीचा टेम्पो बघून कॉलनी पुन्हा उठली असती.

मी आक्कांना घेऊन पालिकेत गेलो. तपासणीचे साहेब भला माणूस. आम्ही त्यांना सांगितलं, की कचराच होत नाही, बघायचं तर ओढा येऊन बघा, स्वच्छ आहे. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"आक्का, तुमचं काम चांगलंच आहे. पण माझ्या नमुन्यात 'प्रकल्प चालू' किंवा 'प्रकल्प बंद' एवढीच जागा आहे. 'कचराच नाही' अशी जागा नाही. ज्योत पेटली नाही तर मला बंद लिहावं लागेल."

"आन् बंद लिवलं की कुलूप?"

"माझ्या हातात नाही ते."

तुळशीच्या लग्नानंतर ज्या पोरींच्या तारखा दिल्या होत्या, त्यांचे बाप मधूनमधून येऊन मांडव कुठे घालायचा ते बघून जात होते. घरी आल्यावर आक्कांनी मला विचारलं, "साहेब, शिजलेला भात घातला तर गॅस हुईल न्हवं?"

भाताने गॅस होतो, लवकर होतो. मी तसं सांगितलं. सांगताना मला काय वाटलं ते नीट लिहिता येत नाही, पण चांगलं नव्हतं. सुभेदार म्हणाले, "काडी लावून खोटा जाळ दावायचा न्हाई, पेटंल ती खरीच ज्योत पेटंल. भात तर भात." फौजी माणूस. हुकूम खरा करायला त्याला भात चालत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांनी मोठ्या पातेल्यात भात लावला. लग्नाच्या स्वयंपाकघरात त्या एकट्याच होत्या. तांदूळ निवडलेला, तीनदा धुतलेला. मी म्हटलं, निवडायची काय गरज होती? त्या म्हणाल्या, "हाताला सवय हाय." भात उतरला, वाफ निघाली, साऱ्या आवारात गरम भाताचा वास पसरला. मग तो निवल्यावर आम्ही पाण्यात कालवून बादल्यांनी टाकीपाशी नेला. पहिली बादली ओतायच्या आधी आक्कांनी ती खाली ठेवली, हात जोडले, कपाळाला लावले आणि मग ओतली. असं त्यांनी तपासणीपर्यंत रोज सकाळी केलं. मी एक दिवसाआड जायचो. फुगा हळूहळू वर आला.

साहेब आले. सुभेदार इस्त्रीच्या शर्टात सावधान उभे होते. मी कॉक सोडला, काडी लावली, ज्योत निळी पेटली. साहेबांनी फोटो काढला, नमुन्यात 'चालू' लिहिलं, सही केली आणि मनापासून म्हणाले, "आक्का, शंका होती मला. पण तुम्ही करून दाखवलंत. तालुक्यातल्या बाकीच्या कार्यालयवाल्यांना इथे बघायला पाठवतो." परवानगी मिळाली. पोरींची लग्नं ठरल्या दिवशी लागणार होती. ज्या एका गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप होता, ती पार पडली होती.

साहेबांची गाडी गेल्यावर आक्का ओट्याच्या पायरीवर बसल्या. मी निघतो म्हणालो, तर बसा म्हणाल्या.

"साहेब, तुमी तर आता रिटायर हुणार. जायच्या आधी एक सांगून जावा."

"विचारा."

"पुढल्या वर्सी पन घालावाच लागंल. मग रेशनचा तांदूळ चालंल का, का चांगलाच लागतोय?"

टाकीबद्दल मला कुणी विचारलेला हा शेवटचा प्रश्न. याचं उत्तर मला येत होतं.

"चालेल, आक्का," मी म्हणालो. "तिला कुठलाही चालतो."